पालवणकर बाळू : बळी मिळत गेले, कर्णधारपद दूरच राहिले

रायपूर (गोल बाजार), ४ जुलै : भारतीय क्रिकेटमधील पहिले थोर गोलंदाज म्हणून ज्यांचे नाव घ्यावे लागते, ते पालवणकर बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निवर्तले. भारताने आपला पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. त्या वेळी बाळूंनी वयाची छप्पन्न वर्षे ओलांडली होती. त्यामुळे कसोटीवीरांच्या यादीत त्यांचे नाव सापडत नाही. परंतु १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाकडून त्यांनी एकाच हंगामात ११४ गडी बाद केले होते. परक्या हवामानात आणि अनोळखी खेळपट्ट्यांवर, हाताशी समर्थ साथीदार नसताना केलेली ही कामगिरी आजही विक्रमांच्या चर्चेत आदराने सांगितली जाते. एवढ्या गुणाचा खेळाडू आपल्या संघाचा कर्णधार मात्र कधीच होऊ शकला नाही. याचे कारण मैदानावर शोधून सापडणार नाही.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. आडनाव पालवण या गावावरून आलेले. वडील लष्कराच्या सेवेत होते आणि त्या नोकरीपायी कुटुंब पुण्यात येऊन स्थिरावले. पुणे हे तेव्हा मोठे लष्करी ठाणे. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही पुढे याच खेळात नावारूपास आले. एकाच घरातील चार भावांनी वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळावे, असे उदाहरण त्या काळात विरळाच. तेही अशा घरातील, ज्याच्या उंबऱ्याला सवर्ण समाज शिवत नसे.

पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्लबात मिळाली. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, आणि मोबदला महिन्याला तीन रुपये. काही काळाने पुण्याच्या युरोपियन क्लबने त्यांना चार रुपयांवर ठेवून घेतले. तेथे जाळ्या बांधणे, खेळपट्टी आखणे, साहेब लोकांच्या खेळाची तयारी ठेवणे अशी कामे होती. सरावाला गोलंदाज कमी पडला की बाळूंच्या हाती चेंडू दिला जाई. क्लबातील एका इंग्रज अधिकाऱ्याची डावखुरी गोलंदाजी त्यांनी बारकाईने न्याहाळली आणि तीच शैली आत्मसात केली असे सांगतात. पाहता पाहता चेंडूवर त्यांची हुकमत बसली. संथ डावखुरी फिरकी, अचूक टप्पा आणि दोन्ही बाजूंना वळणारा चेंडू ही त्यांच्या गोलंदाजीची ओळख ठरली. वेगातील सूक्ष्म बदल फलंदाजाच्या ध्यानात येईपर्यंत यष्ट्या उडालेल्या असत.

पुण्यातील युरोपियनांचा सर्वांत नामांकित फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग. ते सरावासाठी इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि केवळ बाळूंची गोलंदाजी खेळत. बाळूंनी आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस द्यायचे, असा ग्रेग यांचा शिरस्ता होता, ही कथा क्रिकेटच्या इतिहासात सर्वत्र आढळते. ती जशीच्या तशी खरी मानली, तर साहेबाला आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटत असे. या कथेपेक्षा अधिक बोलकी गोष्ट वेगळी आहे. त्या क्लबात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण फलंदाजीसाठी त्यांच्या हाती बॅट दिली गेली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम, ते चाकराने करावे. फलंदाजी ही शोभा, ती साहेबाने मिरवावी. हा दंडक खुद्द इंग्लंडातही फारसा निराळा नव्हता. तेथे हौशी खेळाडू आणि पगारी खेळाडू यांच्या बसण्याच्या खोल्या वेगळ्या आणि मैदानात उतरण्याची दारेही वेगळी असत. विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाचे नेतृत्व पगारी खेळाडूकडे यायला १९५२ साल उजाडले आणि तो मान लेन हटन यांना मिळाला. बाळूंच्या वाटेत मात्र दोन भिंती होत्या. मजुरीवर राबणारा माणूस ही एक, आणि जात ही दुसरी. पहिली भिंत गुणांनी ओलांडता येण्याजोगी होती.

या गोलंदाजाची कीर्ती लष्करी छावणीतून पुणे शहरात पोहोचली, तेव्हा तेथील हिंदू क्रिकेटपटूंपुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू संघात हवेत. पण अस्पृश्य मानलेल्या माणसाबरोबर खेळायचे कसे? क्लबात दोन तट पडले. काही सभासद त्यांना घेण्याच्या बाजूचे होते, काहींचा ठाम विरोध होता. अखेर जिंकण्याची ओढ प्रबळ ठरली आणि बाळूंना संघात स्थान मिळाले. मैदानावर सारे खेळाडू तोच चेंडू हाताळत. विश्रांतीच्या वेळी मात्र इतरांचा चहा आत चिनी मातीच्या पेल्यांतून येई, आणि बाळूंना तो बाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणाची पंगत वेगळी. हातपाय धुवायचे तर त्यांच्याच जातीतील सेवकाने पाणी घालायचे. चेंडूचा विटाळ नाही, पण पेल्याचा आहे, ही विसंगती त्या मंडळींना कितपत जाणवली असेल कोण जाणे.

मैदानावरील निकालांनी विरोधकांचे तोंड काही प्रमाणात बंद केले. पुण्याच्या युरोपियनांविरुद्ध हिंदूंना विजय मिळू लागले. साताऱ्यातील गोऱ्यांच्या संघाने बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवला होता. तरीही बाळूंनी सात गडी टिपले आणि सामना हिंदूंनी जिंकला. पुण्यात झालेल्या सत्कारप्रसंगी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांची प्रशंसा केली आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला हरकत कसली, असा सवाल आपल्या मंडळींपुढे ठेवला. लोकमान्य टिळकांनीही एका समारंभात त्यांच्या गळ्यात हार घातला. पुण्यातील सुधारक आणि सनातनी या दोन्ही गोटांनी एकाच माणसाचा गौरव करावा, असे प्रसंग त्या शहराच्या इतिहासात फार नाहीत. पण हार घालणे सोपे होते. मातीचे भांडे लगेच हटले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेगने हाहाकार उडवला. त्या सुमारास बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ मध्ये स्थापन झाला होता आणि त्याला उत्तम गोलंदाज हवा होता. येथेही सभासदांपैकी एका गटाने विरोध केला. कर्णधार कीर्तिकर यांनी समजूत घातल्यावर बाळूंना प्रवेश मिळाला. पुढे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी लागली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. क्रिकेटच्या गुणावर रेल्वेत पोटापाण्याची सोय होण्याची परंपरा भारतात पुढे दीर्घकाळ चालली. तिच्या आरंभीच्या मानकऱ्यांत बाळूंची गणना करावी लागेल.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांच्यातील गाजलेला सामना झाला. बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ हिंदू संघात होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियन १९१ वर आटोपले. हिंदूंचा दुसरा डाव १६० धावांवर संपला तेव्हा सामना दोलायमान होता. पण युरोपियनांचा दुसरा डाव अवघ्या १०२ धावांत कोसळला आणि हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. वंगभंगाविरुद्धचे आंदोलन तेव्हा जोरात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात नमवल्याचा आनंद मैदानाबाहेर दूरवर पसरला. मुंबईच्या इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकी साप्ताहिकाने या विजयाकडे आणखी एका दृष्टीने पाहिले. पुण्यात ज्याला चहा बाहेर दिला जाई, तोच खेळाडू मुंबईत जिमखान्याच्या मंडळींबरोबर एकत्र जेवतो, हा बदल त्या पत्राला धावसंख्येहून मोलाचा वाटला. १९०७ मध्ये पारशी, युरोपियन आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. मुस्लीम संघाच्या प्रवेशानंतर १९१२ पासून ती चौरंगी झाली. या स्पर्धांत हिंदूंच्या गोलंदाजीचा भार पुढील अनेक वर्षे मुख्यत्वे बाळूंच्या डाव्या खांद्यावर होता.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला रवाना झाला. निरनिराळ्या धर्मांचे खेळाडू एका संघात घेऊन परदेशी गेलेला हा पहिलाच भारतीय चमू. ते वर्ष पाचव्या जॉर्ज बादशहाच्या राज्याभिषेकाचे होते. तरुण महाराजांचे लक्ष क्रिकेटपेक्षा दरबारी समारंभांत अधिक होते. थोडेच सामने खेळून ते बाजूला झाले आणि संघातील निष्णात फलंदाज मिस्त्री हे त्यांचे सचिव असल्याने तेही त्यांच्याबरोबर गेले. उरलेल्या दुबळ्या संघाने २३ सामन्यांपैकी केवळ सहा जिंकले आणि पंधरा गमावले. त्या पडझडीत पस्तिशीतील बाळू एकटे उभे होते. मोसमाच्या सुरुवातीच्या गारठ्यात बोटे आखडत, दुखरा खांदा साथ देत नसे, आणि क्षेत्ररक्षकांच्या हातून झेल सुटत. तरीही एका बाजूने त्यांची गोलंदाजी अखंड सुरू राहिली. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले, आणि त्यांच्या प्रथम दर्जाच्या कारकिर्दीतील ही सर्वोत्तम कामगिरी ठरली. संपूर्ण दौऱ्यातील त्यांच्या ११४ बळींची सरासरी एकोणीस धावांहून कमी होती. त्यांपैकी ७५ बळी प्रथम दर्जाच्या सामन्यांतील होते. इंग्लंडमधील समीक्षकांनी त्यांची तुलना यॉर्कशायरचे डावखुरे फिरकी गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी केली. त्या काळी याहून मोठी पावती नव्हती.

दौऱ्यातील प्रथम दर्जाचे दोनच सामने भारतीयांनी जिंकले आणि दोन्हींवर पालवणकर बंधूंची छाप होती. लीस्टरशायरला बाळूंच्या अकरा बळींनी नमवले. टाँटन येथे सॉमरसेटविरुद्ध अखेरच्या डावात मोठ्या धावसंख्येचा पाठलाग करताना शिवराम यांनी नाबाद ११३ धावा काढल्या. पुण्यात ज्याला कधी बॅट मिळाली नव्हती, त्या थोरल्या भावाने अर्धशतक ठोकून त्यांना साथ दिली. भारतीय संघ एक गडी राखून जिंकला. संपूर्ण दौऱ्यात एवढी रंगतदार लढत दुसरी झाली नाही.

मुंबईत परतल्यावर अस्पृश्य समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला. ज्या समाजाला गावातील पाणवठा बंद होता, त्यातील एक माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबांना बाद करून आला होता. त्याचे अप्रूप आज शब्दांत पकडणे कठीण आहे. त्या वेळी विशीत असलेले भीमराव आंबेडकर बाळूंना आदर्श मानणाऱ्या तरुणांत होते. या सत्कारातील मानपत्राच्या लेखनाशी त्यांचे नाव जोडले जाते.

बाळू आता हिंदू संघातील सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू होते. कोणत्याही निकषाने नेतृत्व त्यांच्याकडे जायला हवे होते. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी एका सत्कारसमारंभात हा मान खरे तर बाळूंचा आहे, असे मोकळेपणाने सांगितले. पै यांच्या मनाचा मोठेपणा त्यातून दिसतो, परंतु जिमखान्याच्या निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही. वर्षे उलटत गेली. प्रत्येक हंगामापूर्वी वृत्तपत्रांतून चर्चा होई, बाळूंच्या बाजूने पत्रे प्रसिद्ध होत, आणि नेतृत्व पुन्हा एखाद्या उच्चवर्णीय खेळाडूकडे जाई. बाळूंनी स्वतः याबाबत जाहीर तक्रार केल्याचे आढळत नाही. ते स्वभावाने मितभाषी होते. तक्रार पुढे धाकट्या भावांनी केली.

१९२०च्या चौरंगी स्पर्धेत हा प्रश्न चिघळला. हिंदूंच्या पहिल्या सामन्यासाठी बाळूंना संघातून वगळण्यात आले. कर्णधार पै आजारी पडले आणि त्यांच्या जागी डी. बी. देवधर यांची निवड झाली. देवधर हे मोठ्या योग्यतेचे खेळाडू होते यात शंका नाही. परंतु अनुभव आणि सेवाज्येष्ठता या दोन्ही दृष्टींनी विठ्ठल त्यांच्या पुढे होते. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे आपल्याला डावलले जात असल्याचे निवेदन वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केले. क्रिकेटच्या मैदानावरील हा बहिष्कार भारतात अभूतपूर्व होता. अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेत कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन यांना १९४७ मध्ये प्रवेश मिळाला आणि त्या घटनेवर ग्रंथ लिहिले गेले. त्याच्या सत्तावीस वर्षे आधी मुंबईत दोन भावांनी खेळण्याच्या संधीवर पाणी सोडून समतेची मागणी केली होती.

काळ बाळूंच्या बाजूने वळत होता. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. रायपूरसह सारा छत्तीसगड ज्या मध्य प्रांतात होता, त्याची नागपूर ही राजधानी. त्या अधिवेशनात असहकाराबरोबर अस्पृश्यता निवारणाचाही पुरस्कार झाला. स्वराज्य मागणाऱ्या समाजाने आपल्याच गोलंदाजाला दूर ठेवावे, हे आता समर्थनीय राहिले नव्हते. तडजोड निघाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै यांनी नेतृत्व केले, तिन्ही भाऊ संघात परतले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. सामन्यादरम्यान पै काही वेळासाठी मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरती संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीस होते. क्षेत्ररक्षक कोठे उभा करायचा, चेंडू कोणाला द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना सुमारे पाव शतकाच्या खेळानंतर मिळाला, तोही उसना.

मुख्य दरवाजा उघडला तो विठ्ठल यांच्यासाठी. १९२३ मध्ये हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेचे विजेतेपद हिंदूंनी युरोपियनांना हरवून मिळवले. विजयानंतर लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. ज्यांनी उचलून घेतले त्यांत सवर्णही होते. बाळू तोवर खेळातून बाहेर पडले होते.

निवृत्तीनंतर ते सार्वजनिक कार्यात उतरले. या वळणावरचा त्यांचा प्रवास सरळ नाही. म्हणूनच त्यांच्या चरित्रलेखनात तो भाग अनेकदा गाळला जातो. १९३२ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांवरून गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले. बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते आणि डॉ. आंबेडकरांना तडजोडीसाठी राजी करण्याच्या वाटाघाटींत एम. सी. राजा यांच्यासह त्यांनी भाग घेतला. पुणे करारावर त्यांचीही स्वाक्षरी आहे. १९३३ मध्ये त्यांनी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली, पण यश आले नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये गांधीजी हरिजन यात्रेनिमित्त रायपूरला आले होते. अस्पृश्यता निवारणाच्या कामात पं. सुंदरलाल शर्मा यांनी छत्तीसगडमध्ये आपल्याही आधी पाऊल टाकले, याची जाहीर कबुली त्यांनी या भेटीत दिली. एकाच प्रश्नावर देशभर निरनिराळ्या वाटांनी माणसे चालत होती आणि त्या वाटा पुष्कळदा एकमेकींना छेद देत होत्या.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने डॉ. आंबेडकरांविरुद्ध मुंबईच्या राखीव जागेवर बाळूंना उभे केले. ज्या तरुणाने कधीकाळी त्यांना आदर्श मानले, तोच आता दलितांचा सर्वमान्य नेता होता. काँग्रेसला मात्र त्याच्यासमोर त्याच समाजातील लोकप्रिय नाव हवे होते. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळूंना ११,२२५. पराभव झाला, तरी फरक केवळ दोन हजारांचा होता. सामना सोडून तपाहून अधिक काळ उलटलेल्या गोलंदाजाला एवढी मते पडावीत, यावरून कामगार वस्त्यांत त्यांच्या नावाला किती वजन होते हे कळते. या उमेदवारीबद्दल त्यांना दोष देणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. परंतु ज्या माणसाचा सारा अनुभव दार ठोठावून आत शिरण्याचा होता, त्याला वेगळे घर बांधण्याची कल्पना पटली नाही, हे समजण्यासारखे आहे. डॉ. आंबेडकरांनी त्याच दारांचा अनुभव घेऊन उलट निष्कर्ष काढला होता.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत बाळूंच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी पंधरा धावांच्या आसपास. त्या काळी अशा सामन्यांची संख्याच तुटपुंजी होती. क्लब, रेल्वे आणि जिमखान्याच्या असंख्य लढतींतील त्यांचे बळी कोणीही मोजून ठेवलेले नाहीत. त्यांनी स्वतः काही लिहिले नाही. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले आणि थोरल्या भावाविषयीच्या अनेक आठवणी त्यामुळे टिकून राहिल्या. ते पुस्तक बाहेर आले तेव्हा बाळू हयात होते. त्यानंतर सात वर्षांनी, एकोणऐंशीव्या वर्षी, मुंबईत त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्याच वर्षी संसदेने संमत केलेला अस्पृश्यता गुन्हे कायदा त्यांच्या निधनाच्या महिनाभर आधी, १ जून १९५५ रोजी, देशात लागू झाला होता.